लेहला जाणारा फ्युएल सेल: थंडीत सुरू होण्याची तयारी मुंबईतच

मुंबईत पारा शून्याला शिवत नाही, म्हणून इथे छान चाललेला पीईएम स्टॅक (हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या, मधे पातळ मेम्ब्रेन म्हणजे पडदा असलेल्या सेलांची चळत) लेहच्या जानेवारीत पहिल्याच सकाळी अडून बसतो. शिव्या हीटरला पडतात. खरं कारण बहुधा आदल्या संध्याकाळचं असतं: स्टॅक ओला असतानाच बंद केलेला.

वीज बनताना हवेच्या बाजूला पाणी तयार होतं. उणे तापमानात ते तिथेच गोठून ऑक्सिजनची वाट अडवतं. एखाद्या सेलचं व्होल्टेज उणे झालं तर कॅटलिस्टखालचा (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या थराखालचा) कार्बन झिजू शकतो आणि ते नुकसान भरून येत नाही.

तेव्हा आधी बंद करायची पद्धत सुधारा. लोड काढल्यावर स्टॅक 60 अंशांच्या आसपास असतानाच हवेच्या बाजूने ब्लोअर दोन-तीन मिनिटं चालवा. पावसाळ्यातल्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते) 25 अंश धरला, तर 60 अंशांच्या स्टॅकमध्ये तिची आर्द्रता साधारण 16 टक्क्यांवर येते आणि ती भराभर सुकवते. स्टॅक 30 अंशांवर उतरू दिलात की तीच हवा 75 टक्क्यांची. मग फुंकत बसा! हायड्रोजनच्या बाजूला कोरडा नायट्रोजन सोडा, बाहेर पडणारा वायू मोकळ्या हवेत न्या. 1 किलोहर्ट्झवर स्टॅकचा विद्युत रोध मोजत राहा. मेम्ब्रेन सुकेल तसा तो चढतो. उत्पादकाने दिलेल्या आकड्याला थांबा, कारण मेम्ब्रेन फार सुकली तरी सकाळी स्टॅक नीट वीज देत नाही.

स्टॅकमध्ये गाडीचं हिरवं कूलंट ओतू नका, त्यातल्या गंजरोधकांमुळे त्यातून वीज वाहते. फ्युएल सेलसाठीचं ग्लायकॉल आणि डीआयोनाइज्ड (आयन काढलेलं) पाणी निम्मं-निम्मं घ्या. वाहकता 5 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या वर गेली की आयन-फिल्टर बदला.

आता हीटर. 10 किलोचा स्टॅक आणि 3 लिटर कूलंट उणे 20 वरून 5 अंशांवर आणायला साधारण 450 किलोज्यूल लागतात. 500 वॅटच्या हीटरला त्यासाठी पंधरा मिनिटं. गळती धरून वीस. म्हणजे 24 व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे 7 अँपिअर-तास. गारठलेली बॅटरी कमी देते, म्हणून दुप्पट क्षमतेची ठेवा. कूलंट रेडिएटर टाळून छोट्या फेरीत फिरवा.

तापमान मधल्या सेलचं बघून फसू नका. टोकाच्या प्लेटा सगळ्यात उशिरा तापतात, सेन्सर तिथेच हवा. हायड्रोजनच्या पर्ज व्हॉल्व्हलाही (साचलेलं पाणी आणि वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेलाही) छोटा हीटर लावा. तो गोठलेला असेल तर बाकी सगळं व्यर्थ. टोक 5 अंशांवर आलं की आधी हायड्रोजन, मग हवा, मग दहा टक्के लोड. कुठलाही सेल 0.3 व्होल्टच्या खाली गेला तर लोड लगेच उतरवा. पूर्ण लोड 40 अंशांनंतरच.

तापवण्याची चाचणी मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये उणे 18 ला, रात्रभर ठेवून करता येते. मात्र हायड्रोजनशिवाय: बंद खोलीत 4 टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो. बाहेर काढण्याआधी स्टॅक प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर इथल्या दमट हवेने कनेक्टरांवर पाणी धरतं.