दुबईत फ्लॅट घेताय? या चुका टाळा

रविवारची सकाळ, छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवरचं एखादं हॉटेल, बाहेर ‘दुबई प्रॉपर्टी शो’चा बॅनर. नाश्ता झकास असतो. पडद्यावर आधी बुर्ज खलिफा, मग ‘करमुक्त भाडं’, मग ‘दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा’. फिरायला जाणं, तिथं राहणं आणि तिथं पैसे गुंतवणं हे तीन निराळे विषय तासाभरात एकाच दमात उरकले जातात आणि लोक चेकबुक काढतात. आपल्याकडे टोळीनं सौदा करायची हौस जुनीच आहे. २०१० साली याच शहरानं एका दिवसात दीडशेच्या आसपास मर्सिडीज उचलल्या होत्या. गाडीचं ठीक आहे, नाही आवडली तर विकून मोकळं होता येतं.

दुबई ज्यात येते तो अमिराती देश आकर्षक आहे, यात वाद नाही. तिथलं चलन दिरहॅम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. माणसाच्या पगारावर किंवा भाड्यावर तिथं आयकर नाही. २००६ च्या कायद्यानं दुबईत परदेशी माणसाला ठरावीक भागांत पूर्ण मालकी घेता येते. पण हा व्यवहार करून जे अडचणीत येतात, ते दुबईच्या कायद्यात क्वचित अडकतात. ते अडकतात आपल्या फेमात, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, आणि आपल्याच आयकरात, आणि त्याबद्दल सेमिनारमध्ये कोणी अवाक्षर काढत नाही.

पैसे कसे गेले, हा पहिला प्रश्न

इथं राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. म्हणजे साधारण ९ लाख १८ हजार दिरहॅम. गोल्डन व्हिसाला मालमत्ता लागते २० लाख दिरहॅमची. आता गणित तुम्हीच करा. एकट्यानं एका वर्षात पूर्ण पैसे मोजून हे होतच नाही. नवरा-बायकोनं थोडे मार्चमध्ये आणि थोडे नवीन वर्ष लागल्यावर एप्रिलमध्ये पाठवले तर जमतं, पण मग खरेदीत दोघांचीही नावं हवीत. भावाची, मेहुण्याची मर्यादा नुसती ‘वापरायची’ आणि फ्लॅट आपल्या एकट्याच्या नावावर, हे चालत नाही. भावाभावांनी मिळून घेतला, तर व्हिसासाठी ज्याच्या त्याच्या हिश्श्याची किंमत बघतात, पूर्ण फ्लॅटची नाही.

मग एजंट हळूच म्हणतो, “काका, उरलेलं आपण इकडंच ॲडजस्ट करू.” हे ॲडजस्ट म्हणजे हवाला. फेमाखाली दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. शिवाय नियम मोडून बाहेर घेतलेल्या मालमत्तेच्या किमतीएवढी भारतातली मालमत्ता जप्त करायची तरतूद आहे. भारतातली, म्हणजे वैजापूर-गंगापूरकडची तुमची जमीन. क्रिप्टोनं पैसे द्या असं कोणी सुचवलं तर तिथूनच उठून या.

सरळ रस्ता एकच आहे: आपल्या बँकेत पॅन देऊन ए-टू फॉर्म भरायचा, कारण खरं लिहायचं आणि पैसे थेट पाठवायचे. बँक पैशाचा उगम विचारणार. समृद्धी महामार्गात किंवा बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत गेलेल्या जमिनीचा मोबदला असेल तर त्याचे कागद जोडा. शेतावर किंवा घरावर कर्ज काढून ही रक्कम उभी करू नका. बाहेर भांडवली गुंतवणूक करायला बँकेनं कर्ज द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि पाठवलेले पैसे तिकडच्या खात्यात नुसते पडून राहिले, तर १८० दिवसांच्या आत वापरायचे नाहीतर परत आणायचे.

यात टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ कापल्या जाणाऱ्या कराचा झटका वेगळा. वर्षाला १० लाखांच्या वर जे जाईल त्यावर बँक २० टक्के कापते. एक कोटी पाठवलेत तर ९० लाखांवर १८ लाख. हा काही वेगळा कर नाही, रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. पण तोवर १८ लाख अडकतात, आणि हप्त्याच्या हिशेबात ते कोणी धरलेले नसतात. ‘शेतीचं उत्पन्न आहे, आम्ही रिटर्न भरत नाही’ म्हणणाऱ्यांची इथं मोठी पंचाईत होते, कारण रिटर्नशिवाय परतावा नाही.

‘महिन्याला एक टक्का’ हीसुद्धा अशीच गोड योजना. बांधकाम चालू असेपर्यंतचे हप्ते ही एक गोष्ट. ताबा मिळाल्यावरही दोन-तीन वर्षं हप्ते चालणार असतील, तर ते परदेशी बिल्डरकडून घेतलेलं कर्ज मानलं जाण्याचा धोका आहे. सही करण्याआधी फेमा कळणाऱ्या सीएला करार दाखवा. नेहमीचा जीएसटीवाला सीए यासाठी पुरत नाही, हे त्यांची माफी मागून सांगतो.

कागद

गावाकडं वर्ग एक की वर्ग दोन, कूळ की इनाम, हे सगळं बघितल्याशिवाय इसार न देणारा माणूस दुबईत मात्र ब्रोशरवर बुकिंग करतो. तिथंही सातबाऱ्यासारखी सोय आहे. दुबई लँड डिपार्टमेंटच्या ‘दुबई रेस्ट’ ॲपवर प्रकल्प नोंदलेला आहे का, काम किती झालं, एजंटला परवाना आहे का, हे मोबाइलवर दिसतं. २००७ च्या कायद्यानुसार बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचे पैसे त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच, म्हणजे फक्त त्याच बांधकामासाठी राखलेल्या खात्यात जायला हवेत. एजंटच्या किंवा ‘मार्केटिंग पार्टनर’च्या खात्यात एक दिरहॅमही नको. बुकिंगनंतर व्यवहाराची ‘ऊकूद’ ही सरकारी नोंदणी झाली का विचारा. ती नसेल तर तुमच्या हातात फक्त पावती आहे. पूर्ण मालकीचा भाग की दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, तेही बघून घ्या.

परताव्याचं गणित

सेमिनारमध्ये भाडं भागिले किंमत एवढंच दाखवतात. त्यात नोंदणीचे ४ टक्के धरा. जुना फ्लॅट असेल तर एजंटचे साधारण २ टक्के आणि वर व्हॅट. सर्व्हिस चार्ज चौरस फुटावर लागतो आणि आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या मानानं तो डोळे पांढरे करणारा असतो. इमारतीनुसार दर ॲपवर बघता येतो. बऱ्याच इमारतींत एसीचं थंड पाणी बाहेरची कंपनी पुरवते. तिचा ठरलेला आकार फ्लॅटला कुलूप असलं तरी चालूच राहतो. भाडेकरू मिळाला तर भाडेकराराची ‘इजारी’ नोंदणी करावी लागते.

आणि किंमत फक्त चढतेच असं नाही. २००८-०९ मध्ये तिथला बाजार कोसळला, २०१४ नंतरही कित्येक वर्षं उतरत राहिला. हे दोन्ही उतार सेमिनारच्या आलेखात नसतात, तो २०२० पासून सुरू होतो.

फ्लॅट बघायला नेतात ते डिसेंबर-जानेवारीत. परभणीकराला ४४ अंशांचं काय कौतुक, असं आपण म्हणतो. पण जुलैत तिथं समुद्राचा दमटपणा वर चढतो आणि रात्रीही अंग चिकट राहतं. म्हाताऱ्या आईवडिलांना नेऊन ठेवायचा विचार असेल तर एकदा जुलैत जाऊन या.

व्हिसा मिळाला म्हणजे एनआरआय झालो?

नाही. गोल्डन व्हिसा खिशात असला तरी वर्षातले १८२ दिवस किंवा जास्त इथंच काढणारा माणूस आयकराच्या लेखी इथलाच रहिवासी. त्याचं जगभरातलं उत्पन्न इथं करपात्र. दुबईत ज्या भाड्यावर कर नाही, त्यावर इथं घरभाड्याची ३० टक्के वजावट घेऊन आपल्या स्लॅबनं कर भरायचा. ‘करमुक्त भाडं’ हे तिथं राहणाऱ्यासाठी खरं आहे, सिडकोत राहणाऱ्यासाठी नाही. साधा रहिवासी व्हिसा असेल तर सलग सहा महिने बाहेर राहिल्यावर तो सहसा रद्द होतो. गोल्डनला ती अट नाही.

नोकरीसाठी जाणाऱ्या पोरांना एकच सांगणं: व्हिजिट व्हिसावर काम करू नका. ‘आधी जा, मग कंपनी व्हिसा बदलून देईल’ म्हणणारा एजंट नंतर फोन उचलत नाही. मुदत संपून राहिलात तर दिवसाला ५० दिरहॅम दंड चढत जातो.

नुसतं फिरायला जात असाल तर

बॅग भरताना आईला थांबवा. अनारशाला लावलेली खसखस दिसते एवढीशी, पण अमिरातीत खसखस अंमली पदार्थांत मोडते, तिथं ती चालतच नाही. घरच्या काळ्या मसाल्यातही ती असू शकते. दिवाळीत लेकाकडं डबा नेणाऱ्यांनी चिवडा-शंकरपाळे न्यावेत, अनारसे इथंच खावेत. विड्याची पानंही नकोत. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबतही तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी घेतल्याशिवाय नेऊ नका. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. विमानाचं म्हणाल तर नांदेड-लातूरकडच्यांना मुंबईपेक्षा हैदराबाद बरं पडतं.

घेऊन झालाय, आता लक्षात आलं

रिटर्नमध्ये ‘शेड्यूल एफए’ नावाचा तक्ता असतो. परदेशातला फ्लॅट आणि तिथलं बँक खातं दोन्ही त्यात दाखवावं लागतं, भाडं येवो न येवो. हिशेब एप्रिल-मार्चचा नाही, जानेवारी ते डिसेंबरचा. आयटीआर-१ किंवा ४ मध्ये हा तक्ताच नाही, आयटीआर-२ किंवा ३ भरावा लागतो. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असलं तरी परदेशी मालमत्ता असलेल्या रहिवाशाला रिटर्न सक्तीचं आहे. काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्यात न दाखवल्याचा दंड १० लाख रुपये आहे. २० लाखांपर्यंतची जी सूट नंतर आली, ती स्थावर मालमत्तेला लागू नाही. कोणाला कळणार, असं वाटत असेल तर तिथल्या बँका खात्यांची माहिती करारानुसार दरवर्षी भारताला पाठवतात, आणि भाडं त्याच खात्यात जमा होतं.

रिटर्नमध्ये राहून गेलं असेल आणि सुधारित रिटर्नची मुदत शिल्लक असेल तर आजच भरा, नोटीस यायची वाट बघू नका. पैसे पाठवताना फेमाची चूक झाली असेल तर रिझर्व्ह बँकेकडे स्वतःहून अर्ज करून, ठरलेली रक्कम भरून प्रकरण मिटवता येतं; त्याला कंपाउंडिंग म्हणतात. हवाल्याचा वास आलेल्या प्रकरणात तेवढ्यावर सुटका होईल असं धरू नका. बँकेचे ए-टू फॉर्म, पैसे पाठवल्याच्या स्विफ्ट संदेशांच्या प्रती, एस्क्रोच्या पावत्या आणि करार हे सगळं एका फाइलमध्ये लावून घ्या आणि मगच वकिलाची वेळ घ्या. निम्मे लोक नुसते व्हॉट्सॲपवरचे फोटो घेऊन येतात.