प्रोटोकॉल निवडताय? आधी वायर मोजा

सेन्सर आणि कंट्रोलरने एकमेकांशी बोलायला कुठला प्रोटोकॉल (बोलण्याची ठरलेली पद्धत) घेऊ, असं कोणी विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला: वायर किती लांब?

सगळं एकाच बोर्डावर असेल तर डोळे झाकून आय-टू-सी. दोन तारांवर तापमानाचा सेन्सर, घड्याळाची चिप, छोटा डिस्प्ले सुखाने नांदतात. पुल-अप (तारा पुरवठ्याच्या व्होल्टेजकडे ओढून धरणारे रेझिस्टर) तेवढे विसरू नका, 4.7 किलोओहम बहुतेक ठिकाणी चालून जातात. एसडी कार्ड किंवा रंगीत डिस्प्ले असेल तर एसपीआय. तारा वाढतात, पण वेग मिळतो.

खरी परीक्षा शेतात. पॉलिहाउसमधला आर्द्रतेचा सेन्सर आणि पंपाजवळचा कंट्रोलर यांच्यात शंभरेक मीटर, त्यात शेजारून मोटरची केबल गेलेली. इथे आय-टू-सी ओढायचा हट्ट नको. त्या बसची, म्हणजे सामायिक तारांची, कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) 400 पिकोफॅरडच्या आत लागते. एवढी लांब केबल ती मर्यादा सहज ओलांडते. आरएस-485 लावा. ट्विस्टेड पेअर केबल घ्या, 120 ओहमचे रेझिस्टर फक्त दोन टोकांना, मधल्या नोडना (तारेवर जोडलेल्या उपकरणांना) नाही. मोटरचा नॉइज दोन्ही तारांवर जवळपास सारखाच येतो आणि रिसीव्हर त्यांच्यातला फरक तेवढा वाचतो, म्हणून निभावतं. कमी वेगात 1200 मीटरपर्यंत मजल जाते.

पण आरएस-485 म्हणजे नुसती तारांची व्यवस्था. भाषा वेगळी लागते. मी मॉडबस आरटीयू ठेवतो, ज्यात कंट्रोलर विचारतो आणि सेन्सर उत्तर देतो; वेग 9600 बॉड, म्हणजे सेकंदाला 9600 बिट. ओलाव्याला कसली आलीय घाई! प्रत्येक नोडला स्वतःहून बोलायचं असेल, तर कॅन (CAN) हा प्रोटोकॉल बघा.

आरएस-485 च्या दोन तारांच्या टर्मिनलची ए आणि बी ही नावं कंपन्या उलटसुलट छापतात. सेन्सर उत्तर देत नसेल, तर कोड उघडण्याआधी त्या दोन तारा बदलून बघा.