सॉरी, रिग्रेट की अपॉलॉजी? इंग्रजी मेल लिहायच्या आधी हे बघा

भुसावळला गाडी लेट झाली की स्पीकरवरची बाई काय म्हणते, इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड. सॉरी नाही म्हणत, आणि त्याला कारण आहे.

आधी शब्दाचं मूळ बघायचं. सॉरी हा जुन्या इंग्रजीतला, दुखऱ्या जागेला सोअर म्हणतात ना त्याचाच भाऊबंद, म्हणजे जीवाला लागलंय. रिग्रेट फ्रेंचमधून आला, झालं ते वाईट झालं एवढंच, चूक कोणाची ते गुलदस्त्यात. अपॉलॉजी मूळची ग्रीक, तिकडं अर्थ होता स्वतःच्या बचावाचं भाषण, सॉक्रेटिसनं कोर्टात केलं तसलं, त्यात माफी-बिफी काही नाही. आज मात्र अपॉलॉजाइज लिहिलं की चूक आमची हे कबूल करून टाकलं.

आता समजा रावेरहून दिल्लीला केळी पाठवली अन् पावसानं रस्ता बंद झाल्यामुळं ट्रक अडकला, तर वुई रिग्रेट द डिले. गाडी भरायलाच तुम्ही उशीर केला तर वुई अपॉलॉजाइज, तिथं रिग्रेट लिहिणं म्हणजे हात झटकणं. आणि व्यापाऱ्याच्या घरी कोणी वारलं तर फक्त सॉरी, तिथं अपॉलॉजाइज लिहिलं तर तुम्हीच मारलं असं होतं भो!

एकाच अर्थाच्या बाकी शब्दांच्या जोड्यांचं बरंचसं कोडं 1066 मध्ये आहे. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात, कोर्टात फ्रेंच शिरली, शेतातला माणूस जुनी इंग्रजीच बोलत राहिला. म्हणून बिगिन घरगुती अन् कमेन्स नोटिशीतला, परीक्षेला शोभतो, जेवणाला नाही. आस्क साधा, क्वेश्चन कडक, आणि लॅटिनकडून आलेला इन्टरॉगेट थेट पोलीस ठाण्यातला, त्यामुळं साहेबाला आय विल क्वेश्चन यू टुमारो असं लिहू नका.

मूळ शोधायला लांब जायला नको, चांगल्या डिक्शनरीत शब्दाखाली दिलेलं असतं. फक्त आखूड शब्द म्हणजे जुना इंग्रजी असं धरून चालू नका, यूज, फेस, व्हेरी हे पण फ्रेंचकडूनच आलेत. आणि मूळ कळलं तरी खालची उदाहरणाची वाक्यं वाचाच, कारण वापर कधी कधी मुळाला जुमानत नाही, कंपनीत फ्रेंचकडच्या परचेसची परचेस ऑर्डर निघते, पण शेअर बाजारात लाखाची उलाढाल करणारा पण जुन्या इंग्रजीतल्या घरगुती बायची बाय ऑर्डरच टाकतो.