चौकोन बरोबर, शब्द चूक: पाट्यांवरचा मजकूर शोधायला शिकणाऱ्यांसाठी

पायथन येतं, ओपनसीव्ही (चित्रांवर काम करणारी लायब्ररी) बसवलेली आहे, तयार मॉडेल चालवून फोटोतल्या शब्दांभोवती हिरवे चौकोन काढून झालेत. तुम्ही इथपर्यंत आला असाल तर पुढचं तुमच्यासाठी आहे. गोव्यात फर्मागुडीच्या कॉलेजातला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असो की वेर्ण्याच्या कंपनीतलं पहिलं काम, अवघड भाग हिरवे चौकोन दिसल्यावर सुरू होतो. ते दिसले की काम संपलं असं वाटतं, आणि नेमका तिथेच घात होतो.

फोटोत मजकूर कुठे आहे ते शोधणारं मॉडेल कुठलं घ्यावं यावर फार दिवस घालवू नका. ईस्ट २०१७चं. हलकं आहे, पण लांब शब्दांची टोकं खातं. क्राफ्ट २०१९चं. ते अक्षर आणि दोन अक्षरांमधला जोड वेगवेगळे ओळखतं, म्हणून वाकड्या मजकुराला चांगलं. डीबी २०२०चं. वेगवान आहे आणि पॅडलओसीआर या मजकूर शोधून वाचणाऱ्या तयार संचात आयतं मिळतं. सुरुवात डीबीने करा. एकाच मॉडेलचे सगळे आकडे समजून घेतलेला माणूस पाच मॉडेलं चालवून पाहिलेल्या माणसापेक्षा कधीही उपयोगाचा, हे माझं ठाम मत आहे.

आता मुख्य सापळा. हा सावकाश वाचा.

देवनागरी शब्दाला तीन मजले असतात. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. मधे अक्षरांची धडं. खाली उकार, ऋकार आणि काही जोडाक्षरांच्या शेपट्या. ही मॉडेलं मुख्यतः रोमन किंवा चिनी मजकुरावर शिकलेली असतात, त्यामुळे त्यांची नजर मधल्या मजल्यावर बसते. चौकोन शिरोरेघेला चिकटून येतो आणि वरचा मजला उडतो. ‘काणकोण’चं ‘काणकाण’ होतं, ‘फोंडा’चा ‘फाडा’, ‘वाळपई’ची ‘वाळपइ’. चौकोनातला शब्द वाचणारं दुसरं मॉडेल बिचारं जे कापून दिलं तेच वाचतं, आणि आपण मात्र त्यालाच नव्याने शिकवत बसतो. दोष त्याच्यात नसतोच.

गोव्यात हे दुप्पट बाधतं, कारण इथल्या पाट्यांवर मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत असतात. कोकणीत गावांच्या नावांत पेडणें, केपें, सांगें, म्हापशें असा शेवटी अनुस्वार येतो. तो ठिपका गेला की ‘केपें’चं ‘केपे’ होतं. हा मराठीतला शुद्ध शब्द आहे, त्यामुळे शब्दकोशाच्या तपासणीतही चूक सापडत नाही. उलट पाटीची भाषाच चुकीची नोंदली जाते. पणजीतल्या फोंताइन्हासच्या पोर्तुगीज पाट्यांवरही हेच होतं. ‘साओ तोमे’ रोमनमध्ये लिहिताना पहिल्या ‘a’वर येणारी नागमोडी रेघ चौकोनाबाहेर राहते.

हे का होतं ते गणिताने पाहा, म्हणजे मनात राहील. डीबी शिकवताना शब्दाचा पूर्ण चौकोन वापरत नाहीत. शेजारचे शब्द चिकटू नयेत म्हणून तो आत आकसतात आणि मॉडेलला फक्त तो गाभा शिकवतात. आकसायचं अंतर म्हणजे क्षेत्रफळ गुणिले (१ वजा ०.१६; ०.१६ म्हणजे ०.४ चा वर्ग), भागिले परिमिती. शब्द २०० पिक्सेल रुंद आणि ६० उंच असेल तर क्षेत्रफळ १२,०००, परिमिती ५२०, अंतर साधारण १९.४. गाभा उरतो जवळपास १६१ बाय २१ चा. मॉडेलने हा गाभा अगदी अचूक दिला असं धरा. तो परत फुगवायचं अंतर म्हणजे गाभ्याचं क्षेत्रफळ भागिले त्याची परिमिती, गुणिले अनक्लिप रेशो, म्हणजे किती फुगवायचं ते ठरवणारा आकडा. पॅडलओसीआरच्या २ मालिकेत हा रेशो मुळात १.५ असतो. अंतर येतं १४. म्हणजे चौकोन परत आला तो १८९ बाय ४९ चा. उंचीतले ११ पिक्सेल गेले, वरून पाच-साडेपाच आणि खालून तेवढेच. वरचा मजला जेमतेम १५ पिक्सेलचा असतो आणि अनुस्वार त्याच्या अगदी माथ्यावर.

मॉडेलने एकही चूक केलेली नसताना हे झालं. प्रत्यक्षात ०.३ च्या थ्रेशोल्डमुळे (मॉडेलची किती खात्री असली की पिक्सेल मजकुराचा धरायचा ती मर्यादा) गाभा थोडा फुगून येऊ शकतो आणि नुकसान कमी होतं. पण पाटी ओली, अंधुक किंवा शेवाळलेली असली की गाभा उलट बारीक येतो.

आता याच चौकोनाचा आयओयू (खरा आणि मॉडेलचा चौकोन यांचा सामाईक भाग भागिले दोघांनी मिळून व्यापलेला भाग) काढा: ०.७८. स्पर्धांमध्ये पास व्हायला साधारण ०.५ लागतो. म्हणजे तुमच्या तक्त्यात हा शब्द ‘सापडला’ म्हणून मोजला जाणार, अहवाल सुंदर दिसणार, आणि पाटीवरचं गाव भलतंच वाचलं जाणार. म्हणून एकट्या आयओयूवर कधीही विसंबू नका. शेजारी दुसरा आकडा ठेवा: खऱ्या, म्हणजे हाताने खुणवलेल्या, चौकोनाचा किती भाग तुमच्या चौकोनाच्या आत आला. देवनागरीसाठी तो ०.९५ च्या खाली गेलेला प्रत्येक शब्द उघडून डोळ्यांनी बघा.

उपाय सोपा आहे, घाबरू नका. आधी अनक्लिप रेशो २.० करा. ओपनसीव्हीच्या डीबी उदाहरणात तो तेवढाच आहे. वरच्या गणितात उंची ४९ ऐवजी जवळपास ५९ येते. क्राफ्ट वापरत असाल तर लो टेक्स्ट ही त्याची तशीच खात्रीची मर्यादा ०.४ वरून ०.३ वर आणा. मात्र हे आकडे बेफाम वाढवू नका. आपल्याकडच्या सरकारी पाटीवर कोकणी, मराठी, इंग्रजी अशा तीन ओळी एकमेकींना खेटून असतात. रेशो ३ केलात की दोन ओळींचा एकच चौकोन होतो, आणि तो पुन्हा वेगळा करणं मात्रा वाचवण्यापेक्षा कठीण.

त्यापेक्षा शोधायचं आणि कापायचं ही दोन कामं वेगळी ठेवा. शोधताना चौकोन घट्ट असू दे. कापताना तो वर २५ टक्के, खाली १५ टक्के आणि बाजूंना ५ टक्के वाढवा, पण शेजारच्या चौकोनापर्यंतच्या मोकळ्या जागेच्या निम्म्याहून पुढे जाऊ नका. हे आकडे सुरुवातीचे आहेत, आपल्या फोटोंवर ते जुळवून घ्या. ‘वर’ म्हणजे शब्दाची वरची बाजू, फोटोची नव्हे. तिरक्या पाटीत हे विसरलं जातं. त्यात ओपनसीव्ही ४.५.१ पासून तिरक्या चौकोनाचा कोन मोजायची पद्धत बदलली आहे. जुना कोड जसाच्या तसा उचलला तर चौकोन ९० अंशांत फिरतो आणि मात्रेऐवजी डावीकडचं खांबाचं चित्र वाढवून मिळतं. कोनावर अवलंबून राहू नका, चार कोपरे स्वतः क्रमाने लावा.

दुसरी गोष्ट आकाराची. मोबाइलचा फोटो ४००० बाय ३००० चा असतो आणि पॅडलओसीआर २ त्याची लांब बाजू मुळात ९६० वर आणतं. ६० पिक्सेलचा शब्द १४ चा होतो, ८ पिक्सेलचा अनुस्वार दोनचा. मग तो कुठल्याच मॉडेलला दिसणार नाही. मर्यादा १९२० करा, किंवा फोटोचे तुकडे पाडा. तुकडे एकमेकांवर इतके चढवा की सर्वात लांब शब्द कुठल्या तरी एका तुकड्यात अखंड येईल.

चौकोन मूळ फोटोवर परत नेताना रुंदीचं आणि उंचीचं प्रमाण वेगवेगळं ठेवा. मॉडेलला फोटोच्या बाजू ३२ च्या पटीत लागतात. १०८० बाय १९२० चा फोटो अर्धा केला की रुंदी ५४० येते, तिचे ५४४ केले जातात. रुंदीचं प्रमाण १.९८५, उंचीचं २. दोन्हीकडे २ वापरलंत तर उजव्या कडेचे चौकोन सात-आठ पिक्सेल सरकतात. आणि मोबाइलने फोटोत लिहून ठेवलेली फिरवण्याची खूण पिलो (पायथनमध्ये चित्रं उघडणारी लायब्ररी) स्वतःहून लावत नाही, ओपनसीव्ही नेहमीच्या वाचनात लावतं. दोन्ही मिसळलीत की चौकोन आडवे पडतात. हे अर्ध्या तासात सापडतं, त्यामुळे त्याचा ताण घेऊ नका.

मार्गदर्शक निवडताना एकच बघा: तो तुमचे चुकलेले फोटो उघडून बघतो का? फक्त ‘अ‍ॅक्युरसी किती?’ विचारणारा माणूस कितीही अनुभवी असला तरी या कामात शिकवू शकत नाही. पैसे भरून मिळणाऱ्या क्लाउड सेवेला माझा विरोध नाही, ताडून बघायला ती उत्तम. पण शिकण्याच्या काळात तीच मुख्य आधार केली तर मात्रा का गेली हे कधीच कळणार नाही, कारण आतलं काहीच दिसत नाही.

स्वतःचं मॉडेल शिकवायची घाई तर अजिबात नको. आधी १०० फोटो स्वतः काढा. म्हापशाच्या कदंब बसस्थानकावरचे बसचे फलक, मडगावच्या बाजारातले हाताने रंगवलेले बोर्ड, चिऱ्याच्या भिंतीवरची जुनी अक्षरं, चवथीचे (गणेशचतुर्थीचे) बॅनर. फोंताइन्हासच्या निळ्या-पांढऱ्या चकचकीत पाट्या दुपारी बारा वाजता घेऊ नका, चकाकीत अक्षर हरवतं. एकापेक्षा जास्त फरशा जोडलेल्या पाटीत सांध्यापाशी शब्द दोन चौकोनांत तुटतो, तसे दोन-तीन फोटो मुद्दाम ठेवा. पावसात भिंगावर थेंब असलेलेही ठेवा, जूनपासून पुढे तेच येणार आहेत. सरावासाठी २०१९चा आयसीडीएआर एमएलटी हा स्पर्धेसाठी बनवलेला, खुणा केलेल्या फोटोंचा संच जोडीला घ्या. त्यात १० भाषांची २०,००० चित्रं आहेत आणि देवनागरी हिंदीच्या रूपाने आहे. कोकणीचे शेवटचे अनुस्वार मात्र तिथे भेटणार नाहीत, ते आपल्या फोटोंतूनच यायला हवेत.

खुणा करायला दोघं-तिघं बसणार असाल तर पहिल्या दिवशी एकच नियम कागदावर लिहा: चौकोन सर्वात वरच्या ठिपक्यापासून सर्वात खालच्या उकारापर्यंत. मग ‘कुंकळ्ळी’ हा एक शब्द सगळ्यांना वेगवेगळा खुणवायला द्या आणि चौकोन एकावर एक ठेवा. त्यात वर अनुस्वार आणि वेलांटी आहे, खाली उकार आहे, मधे जोडाक्षर आहे. वरच्या कडा तीन पिक्सेलांपेक्षा जास्त हलत असतील तर पुढचे फोटो वाटू नका, नियम पुन्हा समजावा आणि तोच शब्द परत द्या.