कार्टून मालिकेसाठी विनोदी ग्रीक देव घडवताना

आधी मूळ कथा वाचा, विनोद तिथे तयार असतो. होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्याच्या आठव्या सर्गात लंगडा लोहारदेव हिफेस्टस आपल्या बायकोला, ॲफ्रोडायटीला, युद्धदेव एरिससोबत न दिसणाऱ्या जाळ्यात पकडतो आणि बाकीचे देव दारात उभे राहून पोट धरून हसतात. देवदूत हर्मीस तर पहाटे जन्मतो, दुपारी लायर हे तंतुवाद्य वाजवतो, संध्याकाळी आपल्या सावत्र भावाच्या, अपोलोच्या 50 गाई उलट्या पावली पळवतो. पकडला गेल्यावर म्हणतो, मी कालच तर जन्मलो! 11 मिनिटांचा भाग एवढ्यातच उभा राहतो.

सर्वशक्तिमान देव विनोदाला मारक ठरतो. चुटकीसरशी अडचण सुटली की प्रसंग तिथेच संपला. म्हणून बंधन घाला, तेही पुराणातलंच. पाताळातल्या स्टिक्स नदीची शपथ मोडणारा देव वर्षभर श्वासाविना निपचित पडतो, पुढची 9 वर्षं त्याला देवांच्या सभेत आणि मेजवानीत जागा नाही, असं प्राचीन ग्रीक कवी हेसिओड सांगतो. देवांचा राजा झ्यूस याला पहिल्या दोन मिनिटांत घाईघाईने ही शपथ घेऊ द्या. उरलेला भाग त्याच्या तगमगीचा.

चित्रात पहिला घोटाळा दाढीचा होतो: झ्यूस आणि समुद्रदेव पोसायडन सारखेच दिसतात. दोघांना काळ्या रंगाने भरून अंगठ्याएवढं लहान करा. ओळखू येत नसतील तर खांदे, पोट, उंची बदला. नुसता त्रिशूळ हातात देऊन भागत नाही. वस्त्राला तीनच चुण्या ठेवा. जास्त काढल्या तर दर चित्रात त्या हलतात आणि कापड उकळतंय असं वाटतं.

डिस्नेच्या ‘हर्क्युलिस’मधल्या (चित्रपट 1997, मालिका 1998) पाताळदेव हेडिसचे निळ्या ज्वाळेचे केस रागाने नारिंगी होतात, संवादाआधीच मनःस्थिती कळते. असे केस करायचे तर सेकंदाला 24 फ्रेम, प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकणारं, आणि 8 चित्रांचं आवर्तन. तीन चित्रांत ज्वाळा बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखी फडफडते. आठवं चित्र पहिल्यात अलगद मिसळायला हवं, नाहीतर दर आवर्तनाला हिसका दिसतो. भडक्याआधी 8 ते 12 फ्रेम चेहरा पूर्ण स्थिर ठेवा आणि रंग दोन-तीन फ्रेममध्ये बदला. हळूहळू बदललात तर हसू येत नाही.

हेडिसला सैतान मात्र करू नका. झ्यूस, पोसायडन आणि हेडिस या भावांत चिठ्ठ्या टाकून जगाची वाटणी झाली तेव्हा त्याच्या वाट्याला पाताळ आलं, एवढंच. ज्याचे पाहुणे कधीच घरी जात नाहीत असा यजमान म्हणून तो कितीतरी जास्त हसवतो.