‘प्रभू माझ्याशी बोलला’ म्हणण्याआधी: प्रार्थनेत ऐकताना या चुका टाळा

बहुतेकांची सकाळची प्रार्थना अशी असते. डोळे मिटले, रात्रभर राखल्याबद्दल आभार मानले. मग मुलाची परीक्षा, सासूबाईंचा गुडघा, ऑफिसातली बदली, मंडळीतले आजारी. ‘येशूच्या नावाने मागतो, आमेन’ म्हटले की हात लगेच डब्याकडे. मागण्यात काहीच वावगे नाही, प्रभूनेच मागायला शिकवले. पण आमेननंतर दोन मिनिटेही न थांबणारा माणूस पुढे पाळकसाहेबांना विचारतो, ‘देव माझ्याशी का बोलत नाही?’ हीच पहिली आणि सगळ्यात सार्वत्रिक चूक. दुरुस्तीही सोपी आहे: वीस मिनिटे काढा आणि त्यातला बोलण्याचा वाटा कमी करा.

ती वीस मिनिटे अशी घाला. पहिली दोन मिनिटे फक्त बसा, श्वास खाली येऊ द्या. मग बायबलमधल्या शुभवर्तमानातली (येशूच्या चरित्रातली) आठ-दहा वचने दोनदा वाचा, दुसऱ्यांदा हलक्या आवाजात. जो शब्द अडवेल त्याच्याशी पाच मिनिटे थांबा. त्यावरून जे मनात आले ते प्रभूला सांगा. मग पाच मिनिटे काही न बोलता राहा. शेवटी तारीख घालून वहीत दोन-तीन ओळी लिहा. वाचन, मनन, प्रार्थना आणि शांत राहणे या चार पायऱ्या बाराव्या शतकात गीगो नावाच्या संन्याशाने लिहून ठेवल्या. प्रोटेस्टंट घरातही त्या तितक्याच चालतात. सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करा. सोळा अध्याय आहेत, या गतीने अडीच-तीन महिने पुरतात.

एकांत मिळत नाही ही मुंबईकराची तक्रार खरी आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही. म्हणून आधी वेळ शोधा, जागा नंतर. नळाला पाणी यायच्या आधीची वीस मिनिटे बहुतेक घरांत शांत असतात, एकदा बादल्या भरायला लागल्या की संपले. कॅथलिक चर्चची दारे बऱ्याच ठिकाणी दिवसा उघडी असतात, कामावरून येताना मागच्या बाकावर बसता येते. माहीमच्या चर्चमध्ये मात्र बुधवारी नोव्हेना प्रार्थनेची गर्दी असते, त्या दिवशी तिथे शांतता शोधू नका. लोकलमध्ये वचन वाचून घ्या, पण ऐकण्याची वेळ म्हणून तिच्यावर विसंबू नका. आणि पवित्र शास्त्र (बायबल) छापील घ्या. मोबाइलवर वचन उघडले की वरून कुटुंबाच्या ग्रुपवरचे गुड मॉर्निंग खाली येते, आणि मन तिकडे जाते.

कानात आवाज येईल म्हणून वाट पाहणे

शास्त्रात असा आवाज ऐकलेली माणसे आहेत, पण थोडी. बहुतेकांसाठी ‘ऐकणे’ म्हणजे एखादे वचन मनात रुतून बसणे, एखाद्या माणसाची आठवण पुन्हापुन्हा येणे, टाळलेली गोष्ट डोळ्यांपुढून न हलणे. बालक शमुवेलाला तर आवाज ऐकू आला, तरी तो तीनदा उठून याजक एलीकडे धावला. त्याला परमेश्वराची अजून ओळख झालेली नव्हती, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे (१ शमुवेल ३:७). चौथ्या वेळी तो ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ म्हणाला, तेही म्हाताऱ्या एलीने शिकवले म्हणून. म्हणजे ओळखणे शिकावे लागते, आणि शिकवणारे माणूस लागते. आणखी एक गोष्ट सहसा सुटते. शमुवेलाला मिळालेला पहिलाच संदेश एलीच्या घराण्याच्या शिक्षेचा होता, तो सांगायला पोर सकाळी घाबरले. तुमच्या वहीत महिनाभर फक्त तुम्हाला हवे तेच ‘ऐकू’ आले असेल, तर थांबून पाहा.

शास्त्र कुठेही उघडून बोट ठेवणे

घर घ्यायचे की भाड्याने राहायचे, हे स्थळ की ते, असा प्रश्न घेऊन डोळे मिटून पान उघडणारे पुष्कळ आहेत. आधार म्हणून ते संत ऑगस्टीनचे नाव घेतात. इ.स. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत ‘घे, वाच’ हे शब्द ऐकून त्याने पुस्तक उघडले आणि रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायावर त्याची नजर पडली, हे खरेच. पण ते पुस्तक प्रेषित पौलाच्या पत्रांचे होते आणि तो आधीपासून तेच वाचत होता. शिवाय त्याला मिळालेले वचन जागा-जमिनीचे नव्हते. जे पाप त्याला सोडवत नव्हते, त्यावरच त्या वचनाने बोट ठेवले.

वर्षअखेरच्या उपासनेत मिळणाऱ्या वचनाच्या कार्डाचेही असेच होते. यिर्मया २९:११ अनेकांच्या फ्रिजवर असते: हिताचे संकल्प, आशा. ते प्रेमाने जपा. पण त्याच्या वरचे, दहावे वचन वाचा. तिथे बाबेलची सत्तर वर्षे आहेत. हे यिर्मया संदेष्ट्याचे पत्र बाबेलला बंदिवासात गेलेल्यांना आहे, आणि त्यांना सांगितले आहे की तिथेच घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा. हे सगळे वाचल्यावर बढती पुढच्या महिन्यात मिळेल असा अर्थ उरत नाही. उरतो तो याहून मोठा आणि जास्त काळ पुरणारा. नियम असा ठेवा: कार्डावरच्या वचनाच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचने वाचल्याशिवाय ते स्वतःला लावू नका. प्रभूची परीक्षा पाहताना सैतानानेही ९१ वे स्तोत्रच म्हटले होते.

दमलेल्या मनाने निर्णय घेणे

ही चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून तिच्यावर जरा जास्त. रात्रभराची उपवास-प्रार्थना, पहाटे चारला डोळ्यांत पाणी, मन भरून आलेले, आणि तेवढ्यात वाटते की नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जावे. वाटणे खरे असेल. पण राजीनामा त्या दिवशी लिहू नका. संदेष्टा एलीया मरण मागत झुडुपाखाली पडला, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिले, दोनदा खाऊ घातले, मग चाळीस दिवस चालवले. होरेब डोंगरावर वारा, भूकंप, अग्नी होऊन गेल्यावरची शांत मंद वाणी त्यानंतरची आहे. उपाशी, झोपमोड झालेल्या शरीरात भीती आणि उत्साह दोन्ही फुगतात. मधुमेहाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरूच नये.

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नाती लोयोला यांनी सोळाव्या शतकात दिलेला नियम आजही कामाचा आहे: मन कोरडे, उदास, अंधारलेले असताना आधीचा चांगला निश्चय बदलू नये. आनंदाचा भर ओसरल्यावर मनात येणाऱ्या स्वतःच्या कल्पनांनाही देवाचा शब्द समजू नये, अशी ताकीद त्यांनीच दिली आहे. यिर्मयाकडे लोक निकडीने उत्तर मागायला आले, तर वचन यायला दहा दिवस लागले (४२:७). संदेष्टा दहा दिवस थांबतो, तर आपणही थांबू शकतो. मोठा निर्णय असेल तर वहीत लिहा, वर तारीख घाला, आणि किमान दहा दिवस रोज त्याच नोंदीखाली एक ओळ लिहा: आज ते वाचून शांती वाटली, की धडधड? जेवणानंतर, भांडणानंतर, पगाराच्या दिवशी, असे वेगवेगळ्या दिवशी वाचून पाहा. एकाच मूडमध्ये खरे वाटणारी गोष्ट दहा दिवसांत बहुधा विरते.

प्रत्येक टोचणीला देवाचा आवाज समजणे

पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा तो नेमका असतो: काल जावेला जे बोललीस ते, त्या बिलात वाढवलेले दोनशे रुपये. पुढे काय करायचे तेही कळते, जाऊन माफी माग, पैसे परत कर. ‘तुझे काही खरे नाही, तू नालायकच’ असा मोघम मारा चालू असेल तर तो त्याचा नाही. ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा नाही, हे सांगणारे रोमकरांस ८:१ मोठ्याने वाचा.

खरेच कानात आवाज येत असतील, ते स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, तर हे प्रार्थना कमी पडल्याचे लक्षण नाही. त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर मिळते. आणि ‘प्रभूने सांगितले, गोळ्या बंद करा’ असे कोणीही सांगितले तरी गोळ्या बंद करायच्या नाहीत.

दुसऱ्याच्या आयुष्यासाठी ‘प्रभूने सांगितले’ म्हणणे

या एका वाक्याने मंडळ्यांमध्ये घरे मोडली आहेत. मुलीला सांगायचे, ‘प्रभूने मला दाखवले, तू याच्याशी लग्न कर’, म्हणजे तिचे तोंडच बंद केले. नाही म्हणावे तर देवाला नाही म्हटल्यासारखे. करिंथच्या मंडळीला पौल सांगतो की दोघा-तिघांनी बोलावे आणि इतरांनी पारख करावी (१ करिंथ १४:२९). म्हणून वाक्य बदला: ‘प्रार्थनेत मला असे वाटले, तुम्ही पारखून पाहा.’ पैसे, लग्न, आजार, घर या चारही विषयांत आधी पाळक किंवा फादर आणि मंडळीतले एक वडीलधारे माणूस यांना विचारा. पौलालाही त्रोवस नगरात रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला, त्याआधी दोन वाटा बंद झाल्या होत्या. आणि मासेदोनियाला जाण्याचा अर्थ कोणी काढला? ‘आम्ही’, असे प्रेषितांची कृत्ये १६:१० म्हणते.

महिनाभर काहीच ऐकू येत नाही

आधी साध्या गोष्टी तपासा. उतारा फार मोठा घेता का? अंथरुणातच बसता का? मग डोळा लागणारच, खुर्ची घ्या किंवा भिंतीला टेकून बसा. मन शंभरदा भरकटत असेल तर शंभरदा त्याच शब्दाकडे आणा, त्यासाठी स्वतःला रागावू नका. कोणाशी अबोला आहे का? अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट कर, हे प्रभूचे सांगणे (मत्तय ५:२४) अशा वेळी शब्दशः घ्या आणि फोन लावा. मग वही सुरुवातीपासून वाचा. पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी लिहिलेली एखादी ओळ तिथे असते, तारखेसह, आणि ती अजून केलेली नसते.