मातीच्या ओव्हल ट्रॅकसाठी ब्रेक: आधी पेडल, मग बायस

मातीच्या ओव्हलवर ब्रेकचं काम गाडी थांबवण्यापेक्षा वळवण्याचं जास्त असतं. गाडी कायम डावीकडेच वळते, त्यामुळे डाव्या-उजव्या चाकांना सारखा ब्रेक हवा, हा रस्त्यावरचा नियम इथे चालत नाही. स्प्रिंट कारला (मातीच्या ओव्हलवरची उघड्या चाकांची रेस गाडी) तर उजव्या पुढच्या चाकाला सहसा ब्रेकच नसतो. पण बायसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमधल्या वाटणीच्या, नॉबला हात लावण्याआधी पेडल दर वेळी त्याच उंचीवर आणि तितकंच कडक लागलं पाहिजे. स्पंजी पेडलवर केलेलं सेटिंग दोन लॅपमध्ये बदलून जातं.

अशा गाडीत पुढच्या आणि मागच्या ब्रेकला वेगळे मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने तेलात प्रेशर तयार करणारे) असतात आणि दोघांना पेडलशी बॅलन्स बार जोडतो. हा बार पायाचा जोर दोघांत वाटतो आणि बायसची नॉब ती वाटणी बदलते. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसतो, म्हणून पेडलचं लिव्हरेज 6:1 च्या आसपास ठेवतात, म्हणजे पायाचा जोर सुमारे सहापट होतो. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) लहान केला की प्रेशर वाढतं, पण पेडलही जास्त खाली जातं. 1 इंचाच्या जागी 7/8 इंच बसवला, तर पायाच्या त्याच जोरात प्रेशर साधारण 31 टक्के वाढतं आणि प्रवासही त्याच प्रमाणात. बायसची नॉब शेवटपर्यंत फिरवूनही मागे पुरेसा ब्रेक मिळत नसेल, तर सिलिंडरचे बोअर चुकले आहेत असं समजा. बार मध्याजवळ असतानाच गाडी जवळपास बरोबर वागली पाहिजे.

पाय काढल्यावर पुशरॉडला (सिलिंडरचा पिस्टन ढकलणारी दांडी) 1 ते 1.5 मिमी मोकळीक हवी. ती नसेल तर तेल टाकीत परत जाण्याचं छिद्र झाकलेलं राहतं, गरम तेल फुगतं आणि ब्रेक आपोआप धरू लागतात. पेडल जोरात दाबलेलं असताना बॅलन्स बार पुशरॉडशी काटकोनात यावा. सुटलेल्या स्थितीत तो थोडा तिरका दिसला तरी हरकत नाही. बारच्या दोन्ही टोकांच्या क्लेव्हिसला (पुशरॉड जोडणारे U आकाराचे तुकडे) बाजूंनी थोडी ढिलाई ठेवा. घट्ट बसवल्या की बार अडकतो आणि बायस कुठे आहे याचा भरवसा राहत नाही.

ब्रेकच्या तेलातली हवा काढताना कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) निपल, म्हणजे हवा सोडायचं तोंड, सर्वांत वर आहे ना, ते पाहा. डावा कॅलिपर उजवीकडे लागला की निपल खाली जातं आणि कितीही तेल सोडलं तरी वरची हवा निघत नाही. ही चूक दिसते त्यापेक्षा जास्त वेळा होते. तेलाची टाकी कॅलिपरपेक्षा खाली असेल, तर लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा 2 पीएसआयचा (पीएसआय हे प्रेशरचं एकक) रेसिड्युअल व्हॉल्व्ह टाका, नाहीतर तेल मागे उतरतं. डॉट हा ब्रेकच्या तेलाचा दर्जा. डॉट 3 तेलाचा किमान उत्कलनबिंदू नवं असताना 205 अंश सेल्सिअस, ओलावा शोषल्यावर 140. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. म्हणून उघड्या डब्यातलं जुनं तेल वापरू नका, आणि सिलिकॉनचं डॉट 5 तर नकोच. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून निकामी झालेत. पेडल मऊ होऊन खाली गेलं, तर तेल उकळलं आहे.

आता बायस. पुढच्या आणि मागच्या एकेका कॅलिपरच्या निपलच्या जागी प्रेशर गेज लावा, गेजमधली हवा काढा आणि रेसमध्ये दाबता तितकंच पेडल दाबा. पुढे 400 आणि मागे 500 पीएसआय आलं, तर प्रेशरचा सुमारे 56 टक्के वाटा मागे आहे. प्रत्यक्ष ब्रेक किती लागेल हे पिस्टन, डिस्क आणि पॅडवरही ठरतं, म्हणून हा आकडा दुसऱ्या गाडीवरून उचलू नका. तो आपल्याच गाडीची नोंद ठेवायला आहे. मग गाडी स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रलला टाका. एकाने पेडल हळूहळू दाबावं, दुसऱ्याने चाकं हाताने फिरवून आधी कोणतं धरतं ते पाहावं.

उजव्या पुढच्या चाकाचा ब्रेक बंद करणारा व्हॉल्व्ह असेल, तर गाडी डावीकडे सहज ओढली जाते. तो पेडलवरून पाय काढूनच फिरवा. दाबलेल्या स्थितीत बंद केला, तर प्रेशर आत अडकतं आणि नेमकं तेच चाक धरून राहतं.

चिकट, ओल्या मातीवर बायस थोडा मागे आणि ब्रेकचा हलका स्पर्श पुरतो. ट्रॅक कोरडा, गुळगुळीत झाला की बायस पुढे घ्या, लवकर आणि हळुवार दाबा, आणि स्टिअरिंग वळेल तसा पाय सोडत जा. डाव्या पायाने ब्रेक धरून उजव्याने थ्रॉटल देणं उपयोगी आहे, पण अनेक जण ते अख्ख्या वळणभर करतात आणि शेवटच्या लॅपना ब्रेकच उरत नाहीत.

वळणात शिरताना मागचा भाग सुटत असेल, तर एका लॅपमध्ये थ्रॉटल लवकर सोडून, ब्रेक न लावता वळणात शिरून पाहा. तरीही सुटला, तर दोष बायसमध्ये नाही; सस्पेन्शन आणि टायर पाहा. पेडलमधून थरथर येत असेल, तर डिस्क बदलण्याआधी चाकाच्या आत साचलेला चिखल खरवडून काढा.